हुंडी, व्याज आणि फुकटचा प्रवास

मध्यमवर्गीय कुटुंबांच्या बोलण्यांत अलीकडे एक नवा विषय येऊं लागला आहे. नवरा-बायको दोन रात्रींसाठीं एखाद्या नामांकित हॉटेलांत राहून येतात; तेथील तळें, मऊ गाद्या, सकाळचा फराळ यांचें वर्णन होतें; आणि शेवटीं मोठ्या समाधानानें सांगण्यांत येतें कीं, ‘पैसे कांहींच पडले नाहींत, कार्डाचे पॉइंट होते.’ विषय वरवर पाहतां चैनीचा आहे. परंतु प्रवासाचा खर्च खरोखर कोण सोसतो हा प्रश्न जुना असून, बार्शीसारख्या व्यापारी आणि यात्रेच्या वाटेवरील गांवीं त्याचा इतिहास विशेष स्पष्ट दिसतो. तो एकदां क्रमानें पाहणें उपयोगाचें होईल, असें आम्हांस वाटतें.

पूर्वीं आपल्याकडे जोडप्याचा प्रवास म्हणजे मुख्यतः देवदर्शन. लग्नानंतर कुलदैवतास जोडीनें जावयाचें, हा परिपाठच होता. बार्शीच्या एका अंगास पंढरपूर, दुसऱ्या अंगास तुळजापूर, आणि गांवांत स्वतः श्रीभगवंत. अंबरीष राजाच्या द्वादशीव्रताची कथा याच देवस्थानाशीं जोडलेली आहे. जवळच्या यात्रेस शिधा बांधून घेतला कीं भागे. काशी-द्वारकेची यात्रा असली म्हणजे मात्र रोकड जवळ बाळगणें धोक्याचें होई. त्यासाठीं हुंडीची सोय होती. यात्रेकरूनें गांवच्या पेढीवर पैसे भरावे, पेढीवाल्यानें दूरच्या आपल्या आडत्यावर चिठ्ठी लिहून द्यावी. दाखवितांच पैसे मिळत ती दर्शनी हुंडी. ठरलेल्या दिवसांनीं मिळत ती मुदती. या सोयीबद्दल पेढीवाला जी रक्कम घेई तिला हुंडणावळ म्हणत. लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, हुंडणावळ कोणी द्यावयाची व किती द्यावयाची, हें देणारा व घेणारा या दोघांसही उघड ठाऊक असे.

हा व्यवहार लोकांच्या इतका अंगवळणी पडला होता कीं, भक्तिकथांतही त्यानें प्रवेश केला. जुनागढच्या नरसी मेहत्याकडे द्वारकेचे यात्रेकरू हुंडी मागावयास आले. मेहत्याची ना पेढी, ना द्वारकेंत कोणी आडत्या. त्यानें सातशें रुपये घेऊन शामळशा शेटच्या नांवें हुंडी लिहिली, रक्कम साधुसंतांच्या सेवेंत वेंचली, आणि द्वारकेंत श्रीकृष्णानें शेटचें रूप घेऊन ती हुंडी सकारली. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा तर सोलापूर जिल्ह्यांतीलच. दुष्काळांत त्यांनीं सरकारी कोठारें भुकेल्यांस खुलीं केलीं, आणि बेदरच्या दरबारांत त्या धान्याची किंमत विठ्ठलानें सेवकाच्या वेषांत जाऊन भरली. महीपतीनें ‘भक्तविजयां’त या दोन्ही कथा सांगितल्या आहेत. त्यांतील भक्तिरस बाजूस ठेवला तरी एक हिशेबी सत्य उरतें: देणें फिटलें, कारण कोणीतरी पैसे मोजले. चमत्कारालाही भरणा चुकला नाहीं.

प्रवास ही बाजारांत विकत घेण्याची वस्तु झाली ती आगगाडीमुळें. इंग्लंडांत टॉमस कुक यानें ५ जुलै १८४१ रोजीं लेस्टरहून लफबरोपर्यंत एक शिलिंगांत सहलीची गाडी नेली; १८७४ सालीं त्याच्या पेढीनें प्रवाशांसाठीं हुंडीसारख्या नोटा काढल्या, आणि १८९१ सालीं अमेरिकन एक्सप्रेसनें प्रवासी चेक सुरू केले. बार्शीस ही नवी हवा १८९७ सालीं लागली. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअरच्या कल्पनेनें बांधलेली, अवघ्या अडीच फूट रुंदीची बार्शी लाइट रेल्वे त्या वर्षीं कुर्डुवाडीपासून, म्हणजे तेव्हांच्या ‘बार्शी रोड’ स्टेशनापासून, गांवापर्यंत आली. चाकांच्या प्रत्येक जोडीवर पांच टनांहून अधिक भार पडूं न देतां तो सर्व गाडीभर सारखा वांटावा, ही तिच्या रचनेंतील खुबी होती. पुढें ही लाइन १९०६ त पंढरपुरास, १९११ त लातुरास आणि १९२७ त मिरजेस पोंचली. १९५४ सालीं ती सरकारनें घेतली, आणि एकविसाव्या शतकांत रुंद मार्गांत तिचें रूपांतर झालें. या गाडीनें धान्य, कापूस आणि वारकरी सारख्याच निष्ठेनें वाहिले. तिकिटाचे पैसे मात्र प्रवाशानें खिडकीशींच मोजावयाचे असत.

ही सरळ रीत विसाव्या शतकांत पालटली. अमेरिकेंत १८९६ सालींच स्पेरी अँड हचिन्सन या कंपनीनें बक्षिसाचीं तिकिटें काढलीं होतीं. दुकानदारानें तीं विकत घ्यावीं, गिऱ्हाइकास खरेदीबरोबर द्यावीं, आणि गिऱ्हाइकानें वह्या भरून त्यांच्या बदल्यांत वस्तु न्यावी. १९५० सालीं न्यूयॉर्कला डायनर्स क्लबचें कार्ड निघालें. आपल्या देशांत सेंट्रल बँक ऑफ इंडियानें १९८० सालीं क्रेडिट कार्ड काढलें. आणि १९८१ सालीं अमेरिकन एअरलाइन्सनें उतारूंच्या नांवावर मैल जमा करण्याची पद्धत पाडली. कार्डाची उधारी आणि बक्षिसाचें तिकिट यांच्या लग्नांतून आजचे पॉइंट जन्मले.

आतां हिशेब पाहूं. दुकानदार कार्डावर शंभर रुपये घेतो तेव्हां बँका व कार्ड-कंपनी आपला आकार कापून घेतात; तो साधारणपणें दीड ते अडीच-तीन रुपयांच्या घरांत असतो. त्यांतलाच एक वांटा कार्डधारकास पॉइंटांच्या रूपानें परत मिळतो. समजा, तो वांटा शेकडा एक रुपया आहे, आणि दोन रात्रींच्या मुक्कामाचा दर २४,००० रुपये आहे. म्हणजे त्या ‘फुकट’ मुक्कामासाठीं २४ लाखांची खरेदी कार्डावर व्हावी लागते. महिना २०,००० रुपये कार्डावर खर्चणाऱ्या घराला त्यास दहा वर्षें लागतील. आणि बऱ्याच कार्डांचे पॉइंट त्याच्या कितीतरी आधीं मुदत सरून बाद होतात. जें जोडपें वर्ष-दोन वर्षांत अशी सहल करतें, तें बहुधा मोठ्या खर्चाचें अथवा व्यापाराच्या उलाढालीचें घर असतें.

दुकानदाराचा आकार शेवटीं मालाच्या किंमतींत मिसळतो, आणि ती किंमत रोखीनें घेणाऱ्यासही तीच असते. बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या तिघां अर्थशास्त्रज्ञांनीं २०१० सालीं अमेरिकेचा असा अंदाज मांडला कीं, रोखीनें खरेदी करणारें कुटुंब वर्षास सरासरी १४९ डॉलर कार्डवाल्यांच्या पदरांत टाकतें, आणि कार्डवाल्या कुटुंबास १,१३३ डॉलर मिळतात. ऑस्ट्रेलियानें २००३ त आणि युरोपीय संघानें २०१५ त बँकांच्या या आकारावर मर्यादा घातली, ती याच विचारानें. आपल्याकडे १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदारास असा आकार पडत नाहीं. म्हणूनच तेथें पॉइंटांची उधळणही नाहीं. जेथें आकार, तेथेंच बक्षीस, हें यावरून उघड होतें.

दुसरा भार याहून जड आहे. बिल मुदतींत पुरतें फेडलें तर व्याज नाहीं. राहिलें तर दरमहा शेकडा तीन ते पावणेचार, म्हणजे वर्षास ३६ ते ४५. हे आंकडे ज्या भूमींत वाचले जातात तिला सावकारी व्याजाची आठवण नवी नाहीं. १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं. त्यानंतर १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कर्जनिवारण कायदा आला. तो ज्या चार जिल्ह्यांस लागू झाला त्यांत सोलापूर होतें, अर्थात् बार्शीही होती. कागदाच्या मागें जाऊन मूळ देणें किती व व्याज किती, हें तपासण्याचा अधिकार त्यानें न्यायाधीशास दिला. हिंदु धर्मशास्त्राचा दामदुप्पटीचा नियमही हेंच सांगे कीं, एका वेळीं व्याज मुद्दलाहून अधिक वसूल करतां येऊं नये. ज्याचा हप्ता थकतो, त्याच्याही व्याजांतून दुसऱ्याच्या सहलीस हातभार लागतो, हें विसरतां कामा नये.

यावरून जोडप्यानें सहलीस जाऊं नये, असा आमचा आग्रह नाहीं. संसाराच्या ओढाताणींत दोघांनीं दोन दिवस निवांत काढणें ही चांगलीच गोष्ट होय. कुलदैवताच्या यात्रेंतही हा निवांतपणा कांहीं अंशीं होताच. आमचें म्हणणें इतकेंच कीं, पॉइंटांस देणगी समजूं नये, सूट समजावी. पॉइंटांसाठीं म्हणून एकही जास्त वस्तु घेऊं नये. आणि बिल पूर्ण फेडण्याचें बळ नसेल तर तो मोह सोडावा. नरसी मेहत्याच्या यात्रेकरूंनीं पैसे हातीं पडण्यापूर्वीं द्वारकेंत शामळशाचें घर निदान शोधलें होतें. आपली हुंडी कोण सकारतो, एवढा शोध आजच्या यात्रेकरूंनींही घ्यावा.