दुष्काळ, देशांतर आणि मधुमेह

मधुमेह हा गादीवर बसून खाणारांचा रोग, ही समजूत फार जुनी आहे. सुश्रुताची दृष्टि मात्र याहून सूक्ष्म होती. त्यानें प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले: कुपथ्यानें होणारा, ज्यांत रोगी स्थूल असतो, आणि जन्मापासूनचा, ज्यांत रोगी कृश असतो. कृश मनुष्यासही हा रोग कां जडावा, याचा विचार करूं लागलें कीं दुष्काळाच्या इतिहासाकडे वळावें लागतें.

त्यासाठीं अहमदनगर, म्हणजे आतांचा अहिल्यानगर जिल्हा पाहावा. अकोल्याच्या डोंगरांत धो धो कोसळणारा पाऊस पाथर्डी, शेवगांव, जामखेडपर्यंत येतां येतां आटतो. १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनीं हा मुलूख होरपळला. १८७७ सालीं मुंबई इलाख्यांत दुष्काळी कामावरील मजुरास एक पौंड धान्याची किंमत व वर थोडे पैसे एवढीच मजुरी ठरली, आणि एवढ्यावर दिवसभर खडी फोडणें भाग पडलें. १८७८ सालीं जिल्ह्यांतून जाणारा दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला. दुष्काळानें उठलेल्या माणसांस मुंबई-पुण्याची वाट त्यामुळें जवळ झाली.

या भुकेची खूण शरीरावर राहते काय? १९९२ मध्यें हेल्स व बार्कर या इंग्रज संशोधकांनीं असा सिद्धान्त मांडला कीं, आईच्या पोटांत ज्याचें पोषण अपुरें झालें, त्याचें शरीर काटकसरीनें घडतें. पुढें अन्न मुबलक मिळालें म्हणजे तीच काटकसर त्याला बाधते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचें वजन सरासरी २.७ किलो भरलें, तर इंग्लंडांतील साउथँप्टनच्या बालकांचें ३.५ किलो. आपल्या बालकांत मांस कमी होतें. चरबी मात्र त्या मानानें टिकून होती. दिसावयास बारीक, पण आंतून मेदयुक्त, अशी ही प्रकृति होय.

ही प्रकृति घेऊन मनुष्य देशांतर करतो. लंडनच्या साउथॉल भागांतील १९८५ च्या पाहणींत आशियाई रहिवाशांत मधुमेह गोऱ्यांच्या सुमारें चौपट आढळला. मग हा दोष रक्ताचाच म्हणावा काय? याचें उत्तर मॉरिशसनें दिलें. या बेटावर मूळचे रहिवासी नाहींत. सारेच बाहेरून आलेले. उंसाच्या मळ्यांसाठीं १८३४ पासून करारबद्ध भारतीय मजूर तेथें नेण्यांत आले. मुंबई बंदरांतून गेलेल्यांत मराठी माणसेंही होतीं. १९८७ च्या पाहणींत मधुमेहाचें प्रमाण हिंदूंत शेंकडा १२.४, मुसलमानांत १३.३, क्रिओल लोकांत १०.४ व चिनी लोकांत ११.५ निघालें. वंश निरनिराळे, पण रोग जवळजवळ सारखा! बदललेलें राहणीमान सर्वांस समान होतें. पुढें तेथील सरकारनें स्वयंपाकाच्या तेलांत पामऐवजीं मुख्यतः सोयाबीनचें तेल आणलें. पांच वर्षांत लोकांच्या रक्तांतील कोलेस्टेरॉल उतरलें. मधुमेह मात्र हटला नाहीं.

इकडे नगर जिल्ह्यांत भंडारदऱ्याचें धरण १९२६ मध्यें पुरें झालें आणि प्रवरेच्या पाटाखालीं ऊंस डोलूं लागला. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनीं लोणी येथें सहकारी साखर कारखाना उभा राहिला व १९५० सालीं त्याचें गळीत सुरू झालें. एकाच जिल्ह्यांत एकीकडे साखर पिकली आणि दुसरीकडे पाथर्डीसारख्या तालुक्यांतील माणसें दर हिवाळ्यांत कोयता घेऊन ऊंसतोडीस निघूं लागलीं. त्यांतील गर्भवतीस पालावर पुरतें अन्न व विसांवा मिळणें दुर्घट असतें.

म्हणून शहरांत स्थिरावलेल्या कुटुंबानें वजनाच्या कांट्यावर विसंबूं नये. सडपातळ मनुष्यानेंही रक्तशर्करा तपासून घ्यावी आणि पायीं चालणें सोडूं नये. परंतु खरा प्रतिबंध याच्याही आधीं सुरू होतो. आज पालावरच्या आईच्या ताटांत जें पडेल, त्यावर तिच्या मुलाचें पन्नाशींतील आरोग्य अवलंबून आहे.