कुडा आणि इंद्रजव : औषधीनामे व वैद्यकशिक्षण यांसंबंधी एक टिपण

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पहिल्याच अध्यायात, असे सांगितले आहे की वनौषधींची नावे आणि रूपे शेळ्यामेंढ्या व गाई राखणाऱ्यांना ठाऊक असतात. परंतु तेवढ्याने औषधीचे ज्ञान झाले असे होत नाही, तिची योजना ज्याला कळते तोच तिचा जाणता. या वचनाचा अर्थ पुष्कळदा गुराख्याला कमी लेखण्याकडे लावला जातो. वस्तुतः त्यात शिक्षणाची वाटणी सांगितली आहे, असे मानणे अधिक सयुक्तिक होईल. नाव व रूप रानात शिकावयाचे, योजना गुरूजवळ. सुश्रुतानेही गोपाल, तापस, व्याध आणि वनचर यांच्याकडून औषधी ओळखून घेण्यास सांगितले आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातील वैद्यकाचे शिक्षण महाविद्यालयात गेले, तेव्हा ही वाटणी मोडली. रान आणि रुग्णशय्या यांमधील सारे अंतर केवळ नावाच्या आधारे ओलांडावे, अशी स्थिती निर्माण झाली. आणि नावाला ते ओझे पेलले नाही. आवेवरील औषध म्हणून विख्यात असलेल्या कुड्याचा इतिहास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

कोकणात व घाटमाथ्यावर ‘कुडा’ या नावाची दोन झाडे सर्वांच्या परिचयाची आहेत. पांढऱ्या कुड्याची साल व बी अतिशय कडू. त्याच्या बियांना कडू इंद्रजव म्हणतात. काळ्या कुड्याचे बी कडू नसते, म्हणून ते गोडे इंद्रजव. पांढऱ्या कुड्याच्या जोडशेंगा एकमेकींपासून सुट्या लोंबतात. काळ्या कुड्याच्या कोवळ्या शेंगांची टोके जुळलेली असतात. काळ्याची पाने वाळताना निळसर काळी पडतात व त्यांपासून नीळही काढता येते. ज्या घरात कुड्याच्या शेंगांची भाजी होते, तेथील पोरालाही हा भेद सांगावा लागत नाही. तथापि औषध म्हणून बाजारात येते ती साल. काष्ठौषधी विकणाऱ्याच्या डब्यात पान नसते, फूल नसते, शेंगही नसते. ज्या खुणांवर रानातील माणूस विसंबतो, त्या सर्व वाटेतच गळून पडलेल्या असतात, आणि उरते ते एक नाव व एक चव.

संस्कृत निघंटूंनी या झाडाला कुटज, वत्सक, कलिंग, गिरिमल्लिका, इंद्रयव, शक्र अशी अनेक नावे दिली आहेत. आधुनिक वाचकाला ही पर्यायांची गर्दी निरर्थक वाटते. परंतु यांतील काही पर्याय म्हणजे खुणाच आहेत. गिरिमल्लिका म्हटले की डोंगरावरील मोगऱ्यासारखे पांढरे फूल डोळ्यांपुढे यावे. इंद्रयव म्हटले की जवासारखे बी. नामावली पाठ करणारा शिष्य वस्तुतः झाडाचे वर्णनच पाठ करीत होता. अर्थात गुरूने ते झाड एकदा तरी दाखविले असेल, तरच. न दाखविल्यास गिरिमल्लिका हा कोणत्याही पांढऱ्या फुलाला लावता येणारा शब्द ठरतो. चरकाच्या कल्पस्थानात वत्सकाचे पुरुष व स्त्री असे दोन भेद आहेत: पुरुष मोठ्या फळांचा, पांढऱ्या फुलांचा, स्निग्ध पानांचा, स्त्री सावळी, अरुण पुष्पांची, लहान फळांची. पुढील अभ्यासकांनी पुरुष म्हणजे पांढरा कुडा आणि स्त्री म्हणजे काळा कुडा असे समीकरण बसविले. ते सोयीचे आहे. परंतु काळ्या कुड्याचे फूलही पांढरेच असते, ही अडचण त्याने सुटत नाही. शिवाय चरकाने दोहोंना एकाच नावाखाली स्थान दिले आहे. तेव्हा काळ्या कुड्याच्या सालीला नंतरच्या ग्रंथांत सरसकट ‘भेसळ’ म्हटले गेले, तो शब्द थोडा जपून वापरलेला बरा.

युरोपीयांच्या हाती ही औषधी प्रथम पश्चिम किनाऱ्यावर आली. गोव्यात वैद्यकी करणाऱ्या गार्सिया द ओर्ताने १५६३ साली छापलेल्या आपल्या संवादग्रंथात अतिसारावरील ‘कोरू’ या औषधीचे वर्णन केले आहे. ती कुडाच होय असे पुढे मानले गेले. त्यानंतर कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हेडे याने ‘होर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला (१६७८ ते १६९३). इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोकणी ब्राह्मण त्या कामी होते. त्यांचे १६७५ सालचे नागरी लिपीतील प्रमाणपत्र त्या ग्रंथात छापलेले आहे, आणि चित्रांवरही मलयाळी व अरबी लिपींसह नागरीत नावे कोरलेली आहेत. नाव, चित्र आणि उपयोग एकाच पानावर एकत्र आणण्याची ही दृष्टी असामान्य होती. त्याच्या पहिल्या खंडात कुडा ‘कोडगपाल’ या मलयाळी नावाने आला आहे.

पुढे १७५३ साली लिनिअसने ‘नेरियम अँटिडिसेंटेरिकम’ हे नाव दिले. त्यात सिंहलद्वीपातील एक झुडूप आणि मलबारचे कोडगपाल अशी दोन्ही एकत्र झाली. रॉबर्ट ब्राऊनने राइटिया ही प्रजाती वेगळी काढल्यावर ‘अतिसारनाशक’ हे विशेषण राइटियाकडे गेले. ज्या झाडाला ते खरोखर लागू होते, त्या पांढऱ्या कुड्याला ‘होलऱ्हिना अँटिडिसेंटेरिका’ असे म्हणून तेच विशेषण पुन्हा देण्यात आले. अशा रीतीने गोंधळ दूर करण्यासाठी निर्माण झालेल्या लॅटिन परिभाषेतही दोन प्रजातींवर एकच गुणवाचक शब्द बसला. देशी नावे तेवढी अनिश्चित आणि लॅटिन नावे निश्चित, ही समजूत कुड्याच्या बाबतीत टिकत नाही.

या नामदोषाचे परिणाम रुग्णापर्यंत पोहोचले. ‘कोनेसी साल’ या नावाने अठराव्या शतकात एडिंबरोपर्यंत गेलेले हे औषध पुढे मागे पडले; राइटियाची निर्गुण साल त्याच नावाखाली दिली जात होती, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. आव पडून खंगत चाललेल्या माणसाला दुसऱ्याच झाडाची साल पाजावयाची आणि गुण आला नाही म्हणजे पहिल्या झाडाला दोष द्यावयाचा, असा हा प्रकार. मुंबईत डॉ. हेन्स यांनी १८५८ साली सालीतील अल्कलॉइड वेगळे केले. स्टेनहाउस याने १८६४ साली बियांतील द्रव्याला ‘राइटीन’ असे नाव दिले. द्रव्य होलऱ्हिनाचे, नाव राइटियाचे!

मुंबईतील वैद्यकशिक्षणाचा प्रारंभ देशी भाषेतच झाला होता. डॉ. मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली १८२६ साली निघालेली वैद्यशाळा १८३२ साली बंद पडली. १८४५ साली सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिक्षण इंग्रजीतून होऊ लागले. १८६८ साली हिंदुस्थानचा औषधकोश निघाला, तेव्हा एकेका औषधीला प्रांतोप्रांती काय म्हणतात हे ठरविल्यावाचून डॉक्टरला ती मागविता येणार नाही, हे उघड झाले. मद्रासचे मोहिदीन शरीफ यांनी १८६९ साली त्या कोशाला पुरवणी जोडली. तिचा गाभा म्हणजे मराठीसह अनेक भाषांतील पर्यायनामांची सूची. कोशरचनेच्या इतिहासात या ग्रंथाला मिळावयास हवे होते ते स्थान मिळालेले नाही.

मुंबईत हेच काम डॉ. सखाराम अर्जुन यांनी केले. ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकविणाऱ्या या गृहस्थांनी १८७९ साली मुंबईच्या बाजारातील औषधींची सूची प्रसिद्ध केली. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांतही ते होते. सूचीकाराने बाजार हा आरंभबिंदू धरावा, यात मोठे शहाणपण आहे. कारण डॉक्टरला झाड मिळत नाही, माल मिळतो. याच बाजारात ‘नागकेशर’ म्हणून सुरंगीच्या कळ्या विकल्या जात, आणि ‘ब्राह्मी’ म्हणून महाराष्ट्रात कारिवणा दिला जाई, तर इतरत्र त्याच नावाने नीरब्राह्मी. सरकारी औषधभांडाराचे प्रमुख डायमॉक यांनी वॉर्डन व हूपर यांच्यासह सिद्ध केलेला ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ (१८८९ ते १८९३) याच मार्गाने गेला. नावे, इतिहास, सूक्ष्मरचना, रसायन हे सर्व त्यात विपुल आहे. मात्र रुग्णशय्येशी उभे राहून द्यावयाचे शिक्षण ग्रंथाने होत नाही.

शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने १९०७ साली नाशिक येथे वैद्यसंमेलनाची चळवळ उभी राहिली आणि पुढे आयुर्वेदाचीही विद्यालये वाढत गेली. वैद्यपुत्र आपल्या खोऱ्यातील झाडे बापाबरोबर हिंडून शिकत असे. त्याचे ज्ञान खोल, पण खोऱ्यापुरते. विद्यालयात निरनिराळ्या प्रांतांचे विद्यार्थी एका बाकावर बसले, तेव्हा ‘रास्ना’ म्हणताच प्रत्येकाच्या मनात वेगळे मूळ उभे राहावे, ही अडचण त्यांच्याही वाट्यास आली.

कुड्याचे पुनरागमन झाले ते कलकत्त्याहून. रॉजर्स यांनी १९१२ साली एमेटीनची टोचणी प्रचारात आणली. ती गुणकारी, पण हृदयाला अपायकारक. म्हणून पर्यायाचा शोध सुरू झाला आणि चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुड्याची रुग्णांवर परीक्षा केली. या वेळी औषध ‘कुर्ची’ या नावाने बाटलीत भरून महाराष्ट्रात आले. आपल्याच डोंगरातील झाड ते हेच, हे त्या नावावरून येथील डॉक्टरला उमगण्याचे कारण नव्हते.

वनस्पतिशास्त्रज्ञ आता पांढऱ्या कुड्याला ‘होलऱ्हिना प्युबेसन्स’ म्हणतात. भारत सरकारच्या आयुर्वेदीय औषधकोशात मात्र कुटजापुढे जुनेच लॅटिन नाव छापलेले आहे. द्रव्यगुणाच्या विद्यार्थ्याला दोन्ही नावे पाठ करावी लागतात. काष्ठौषधींच्या दुकानात इंद्रजव अजूनही कडू की गोडे असे विचारूनच देतात, आणि शंका आल्यास एक दाणा दाताखाली धरावयास सांगतात.