खोडदच्या दुर्बिणीची पूर्वपीठिका

कल्याणहून माळशेज घाट चढून आलेला रस्ता डिंगोरे व ओतूर ही गावे घेत आळेफाट्याकडे जातो. या रस्त्याने आपल्या ज्ञातीची माणसे पोटासाठी मुंबईकडे गेली, हे सर्वश्रुतच आहे. पण जुन्नर तालुक्याचे नाव जगभर करणाऱ्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचा प्रवासही याच रस्त्याच्या त्या टोकास, कल्याणला, सुरू झाला हे थोड्यांसच ठाऊक असेल. सरकारने एवढे मोठे यंत्र कोठून तरी आणून एकदम उभे केले, असा समज आपल्याकडे आढळतो. तो यथार्थ नव्हे.

डॉ. गोविंद स्वरूप हे 1953 ते 1955 या काळात ऑस्ट्रेलियात शिकत असता तेथे सूर्याच्या निरीक्षणासाठी वापरलेल्या, सहा फूट व्यासाच्या 32 तबकड्या निकामी ठरत होत्या. त्या भारतास भेट मिळाल्या, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत कित्येक वर्षे पडून राहिल्या! पुढे डॉ. होमी भाभांनी स्वरूपांस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलाविले आणि 1965 साली त्याच तबकड्या कल्याणला उभ्या राहिल्या. अनेक लहान तबकड्यांनी टिपलेल्या लहरी एकत्र आणून त्यांजकडून एका मोठ्या यंत्राचे काम कसे घ्यावे, याचा धडा तरुण मंडळींनी तेथे गिरविला.

दुसरी पायरी उटीची. तेथे 1970 साली 530 मीटर लांब व 30 मीटर रुंद अशी पन्हळीच्या आकाराची दुर्बीण डोंगरउतारावर बसविली गेली. त्या स्थळाचे अक्षांश सुमारे 11 आणि उतारही तितकाच निवडलेला; त्यामुळे दुर्बिणीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाशी समांतर राहतो व ती एकाच अक्षाभोवती फिरवून आकाशस्थ पदार्थाचा तासन्‌तास पाठलाग करिता येतो. पुढे तिच्याभोवती काही किलोमीटरच्या परिसरात लहान दुर्बिणी मांडून सर्वांची जोडणी करून पाहिली गेली. आमच्या मते खोडदचा खरा नमुना तो हाच. दूर अंतरावरील यंत्रांचे संदेश जुळविण्यातील अडचणी तेथे अल्प खर्चात उमगल्या.

घरातील मुलाने केलेले पहिले यंत्र चालले नाही की आपण वडीलधारी मंडळी पैसे पाण्यात गेले म्हणून मोकळे होतो. येथे तर तज्ज्ञांनी खुद्द आपला आराखडाच बदलला. नव्या दुर्बिणीसाठी प्रथम उटीसारख्याच पन्हळी योजिल्या होत्या. तशा पन्हळीत लहरी टिपणारी साधने लांबच लांब रांगेने बसवावी लागतात. उटीस ती 1056 आहेत. निरनिराळ्या लांबीच्या लहरींसाठी हा खटाटोप पुनःपुन्हा कोण करणार? तबकडीच्या केंद्रापाशी मात्र साधन फिरविले की काम भागते. पण 45 मीटर व्यासाची तबकडी परवडावी कशी? यावर स्वरूपांनी काढलेली युक्ती मोठी सुबक आहे. भरीव पत्र्याऐवजी बारीक पोलादी तारांची जाळी, आणि ती ताणून धरावयास तारदोरांचा सांगाडा. वारा जाळीतून निघून जातो, म्हणून वजन कमी व खर्चही कमी. मीटरभर लांबीच्या लहरींस ती जाळी आरशासारखीच!

अशा 30 तबकड्या 2001 साली राष्ट्रास अर्पण झाल्या. त्यांतील 14 खोडदला एकवटल्या असून उरलेल्या 16 तीन शाखांवर सुमारे 25 किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत.

परिसराने त्यासाठी सोसलेही आहे. रेडिओ लहरींचा गोंगाट होऊ नये म्हणून उद्योगांवर बंधने आली; पुणे-नाशिक रेल्वेच्या आखलेल्या मार्गास हरकत आली तीही याच कारणाने. त्याबद्दल तरुणांत असलेली चुटपुट अस्थानी म्हणता येणार नाही.

डॉ. स्वरूप 2020 साली पुण्यात निवर्तले. दक्षिण आफ्रिका व ऑस्ट्रेलिया या देशांत अनेक राष्ट्रे मिळून आता याहून कितीतरी विशाल रेडिओ दुर्बीण उभारीत आहेत. भारतही तीत सहभागी आहे, आणि तिच्या पूर्वतयारीची वाट दाखविणाऱ्या यंत्रांत खोडदच्या दुर्बिणीची गणना झाली आहे.