अंगठा कोणाचा, नाव कोणाचे?

‘अंगठेबहाद्दर’ हा शब्द मराठीने निरक्षराच्या चेष्टेसाठी घडवला. सही न येणाऱ्याची ही खूणच पुढे न्यायसहायक विज्ञानाचा आधार ठरली. त्या प्रवासाचा महत्त्वाचा टप्पा वसाहतकालीन बंगालमध्ये घडला.

१८५८ साली जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या सनदी अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारनाम्यावर घेतला. हेतू शास्त्रीय नव्हता. कोनाईने पुढे करार नाकारू नये म्हणून घातलेली ती धास्ती होती. या विद्येच्या मुळाशी जिज्ञासेआधी अविश्वास आहे, हे विसरता येत नाही.

ठसा घेणे सोपे. हजारो ठशांतून हवा तो शोधणे कठीण. एडवर्ड हेन्री बंगालचे पोलीस महानिरीक्षक असताना हा प्रश्न त्यांचे सहकारी अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी हाताळला. दहा बोटांच्या पाच जोड्या करायच्या आणि प्रत्येक बोटावर, सामुद्रिकातल्या शब्दात सांगायचे तर, ‘चक्र’ आहे की नाही एवढेच पाहायचे. प्रत्येक जोडीच्या चार शक्यता, म्हणून एकूण वर्ग १०२४. १८९७ साली कलकत्त्यात या पद्धतीचे ठसे कार्यालय सुरू झाले.

लवकरच तिची कसोटी लागली. जलपायगुडी जिल्ह्यात एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. तिथल्या बंगाली पंचांगावरचा रक्ताळलेला ठसा, पूर्वी चोरीची शिक्षा भोगलेल्या त्याच्या जुन्या नोकराच्या अंगठ्याशी जुळला. १८९८ साली न्यायालयाने चोरी शाबीत मानली, खून मात्र नाही. ठसा हाताची हजेरी सांगतो. हाताने काय केले, ते सांगत नाही. संहितेवरून लेखकाचा हेतू ठरवू पाहणाऱ्या समीक्षकानेही हा विवेक ध्यानात ठेवावा.

१९०० साली हेन्री यांचा ग्रंथ निघाला, १९०१ साली पद्धत स्कॉटलंड यार्डात पोहोचली आणि ‘हेन्री पद्धत’ म्हणून जगभर रूढ झाली. हक पुढे खानबहादूर झाले, बोस रायबहादूर. किताब मिळाले, पद्धतीला नाव मात्र साहेबाचेच राहिले.

कोणती खूण कोणाची हे निर्विवाद ठरवणाऱ्या शास्त्राच्या स्वतःच्या कर्तृत्वावर चुकीची सही असावी, हा इतिहासाचा उपरोध आहे. कर्तृत्व ठरवताना सही पुरेशी नसते. कागदावर कोणाकोणाचे हात फिरले, तेही शोधावे लागते.