'वसंतविधी' (१९१३) : एका नृत्यरचनेची निर्मिती, स्वीकार आणि लोप

दि. २९ मे १९१३ रोजी पॅरिस येथील शाँझेलिझे नाट्यगृहात सेर्गेई द्यागिलेव यांच्या 'बॅले रूस' या रशियन नृत्यसंस्थेने 'वसंतविधी' ('द राइट ऑफ स्प्रिंग') ही नवी रचना प्रथम सादर केली. त्या वेळी प्रेक्षागृहात झालेला गदारोळ सर्वश्रुत आहे. कलेच्या इतिहासात ही घटना बहुधा इगॉर स्त्राविन्स्की यांच्या क्रांतिकारक संगीताविरुद्धचा उद्रेक म्हणून नोंदविली जाते. प्रस्तुत लेखात या नोंदीची फेरतपासणी करावयाची आहे. प्रेक्षकांनी नाकारले ते प्रामुख्याने नृत्य होते आणि त्या नकाराची किंमतही नृत्यालाच मोजावी लागली, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे.

या रचनेचे कथानक स्त्राविन्स्की आणि चित्रकार निकोलस रोरिक यांनी सिद्ध केले. (हेच रोरिक पुढे कुलू खोऱ्यातील नग्गर येथे स्थायिक झाले व १९४७ मध्ये तेथेच निवर्तले.) ख्रिस्तपूर्व परंपरेतील एक रशियन टोळी वसंतागमनाचा विधी करते; त्यात निवडलेली कुमारिका मरेपर्यंत नाचते, एवढाच कथाभाग. नृत्यदिग्दर्शन वास्लाव निजिन्स्की यांच्याकडे होते. ते तेव्हा विशीतील तरुण होते आणि त्यांची ख्याती होती ती हवेत तरंगल्यासारख्या उड्यांसाठी. या रचनेत मात्र त्यांनी नर्तकांना जमिनीला जखडून टाकले. बॅलेच्या शिक्षणात पावले बाहेरच्या दिशेला वळविण्याची सवय बालपणापासून लावली जाते. येथे ती आत वळविलेली होती. गुडघे वाकलेले, मान एका बाजूस कललेली, उडी मारल्यावर सपाट पावलांनी जड आघात. ज्या शरीरांनी आयुष्यभर एक वळण घोटले, त्यांना ते मोडण्यास सांगणे नर्तकांना रुचले नाही. संगीतातील मात्रा सतत बदलत असल्याने प्रत्येकास आकडे मोजीत नाचावे लागे. लयशिक्षण घेतलेल्या मेरी रॅम्बर्ट यांना त्यासाठी खास साहाय्यक नेमण्यात आले. बळीच्या कुमारिकेची भूमिका आरंभी बहीण ब्रोनिस्लावा हिच्यासाठी योजिली होती; ती गरोदर राहिल्याने मारिया पिल्त्झ यांनी ती केली.

त्या रात्रीच्या कार्यक्रमाचा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. प्रारंभी 'ले सिल्फीद' हे शुभ्र वस्त्रांतील, चांदण्यासारखे हळुवार नृत्य झाले आणि त्याच प्रेक्षकांसमोर नंतर 'वसंतविधी' आले. कुजबुज व हशा प्रास्ताविक संगीतापासूनच सुरू झाला होता, हे खरे. परंतु पडदा वर जाऊन वाकलेल्या गुडघ्यांचा तो समूह दिसताच गोंधळ इतका वाढला, की नर्तकांना वाद्यवृंद ऐकू येईना. निजिन्स्की विंगेत खुर्चीवर उभे राहून आकडे ओरडून सांगत होते. संचालक पियेर माँतो यांनी वादन थांबविले नाही व प्रयोग शेवटपर्यंत झाला. ५ एप्रिल १९१४ रोजी त्याच पॅरिसमध्ये त्याच माँतो यांनी हेच संगीत नृत्याविना सादर केले, तेव्हा श्रोत्यांनी स्त्राविन्स्की यांना खांद्यावर घेतले. वर्षभरात श्रोत्यांचा कान थोडाफार तयार झाला असेल. पण एवढ्याने हा फरक उलगडत नाही.

साधनांच्या विश्वसनीयतेचा प्रश्नही येथे उद्भवतो. गर्ट्रूड स्टाइन यांनी १९३३ साली या गदारोळाचे वर्णन केले. वस्तुतः त्या दुसऱ्या प्रयोगास उपस्थित होत्या. स्वतः स्त्राविन्स्की यांनी १९१३ मधील पत्रात निजिन्स्की यांच्या नृत्यरचनेची मनापासून प्रशंसा केली, तर १९३० नंतरच्या आत्मवृत्तात त्यांना संगीताचे प्राथमिक ज्ञानही नव्हते असा ठपका ठेवला. मधल्या काळात निजिन्स्की मनोविकाराने रंगमंचापासून कायमचे दूर गेले होते. प्रत्युत्तर देणारा कोणी नसताना दिलेली साक्ष इतिहासकाराने जपूनच स्वीकारावी.

पॅरिसमध्ये पाच आणि जुलैमध्ये लंडनला तीन, एवढेच या रचनेचे प्रयोग झाले. सप्टेंबर १९१३ मध्ये निजिन्स्की यांनी विवाह केला व द्यागिलेव यांनी त्यांना संस्थेतून काढले. १९२० साली याच संगीतावर लिओनिद मासीन यांनी नवे नृत्य बसविले, कारण तोवर मूळ रचना कोणाला सलग आठवत नव्हती. स्त्राविन्स्की यांचे संगीत स्वरलिपीत सुरक्षित होते. नृत्यलेखनाच्या पद्धतीही तेव्हा अज्ञात नव्हत्या. निजिन्स्की यांनी स्वतःच १९१५ मध्ये 'फॉन' ही आपली रचना लिहून काढली. 'वसंतविधी'ला ते भाग्य लाभले नाही. आपल्याकडेही बालगंधर्वांची पदे ध्वनिमुद्रिकांतून ऐकू येतात, रंगमंचावरील वावर मात्र पाहणाऱ्यांबरोबर गेला.

अमेरिकन नृत्यसंशोधक मिलिसेंट हॉडसन यांनी अनेक वर्षे खपून या रचनेचा माग काढला. रॅम्बर्ट यांनी संगीतसंहितेवर केलेल्या टिपा, व्हॅलेंटाइन ग्रोस यांनी प्रयोग पाहून काढलेली रेखाटने, वृत्तपत्रीय परीक्षणे आणि रोरिक यांनी योजलेले मूळ पोशाख ही त्यांची साधने. विशेष म्हणजे उपहासाने लिहिलेली परीक्षणेही उपयोगी पडली, कारण टीकाकारांनी जे जे हास्यास्पद वाटले ते बारकाईने नोंदविले होते. केनेथ आर्चर यांनी नेपथ्य व वेशभूषेची बाजू सांभाळली. ३० सप्टेंबर १९८७ रोजी लॉस एंजेलिस येथे जॉफ्री बॅलेने ही पुनर्रचना सादर केली. जेथे पुरावा नव्हता तेथील हालचाली हॉडसन यांना स्वतः रचाव्या लागल्या. त्यामुळे त्या प्रयोगातील कोणते पाऊल निजिन्स्की यांचे व कोणते हॉडसन यांचे, हे प्रेक्षकाला नुसत्या पाहण्याने ओळखता येत नाही.