सुराबायाची लढाई : आपले जवान कोणत्या बाजूला होते?

आजची गोष्ट आहे 1945 सालची, जावा बेटावरच्या सुराबाया शहरातली. ही लढाई इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याची. पण त्या स्वातंत्र्यसैनिकांसमोर बंदुका घेऊन उभे होते ते बहुतांशी आपले भारतीय जवान, आणि त्यांत मराठा लाइट इन्फंट्रीसुद्धा होती.

हे घडलं कसं? जपान शरण आला आणि 17 ऑगस्टला सुकार्नो व हट्टा यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. डच मात्र आपली वसाहत सोडायला तयार नव्हते. जपान्यांना निःशस्त्र करायचं आणि युद्धकैद्यांना सोडवायचं, हे काम ब्रिटिशांकडे आलं. त्यांनी पाठवली हिंदी फौज. 25 ऑक्टोबरला ब्रिगेडियर मॅलबी यांची 49वी भारतीय ब्रिगेड सुराबायाला उतरली. यांच्या मागून डच येणार, हा संशय लोकांच्या मनात पक्का होता.

मॅलबींनी स्थानिक नेत्यांशी समझोता केला. पण दुसऱ्याच दिवशी, 27 तारखेला, विमानातून पत्रकं पडली : 48 तासांत शस्त्रं खाली ठेवा! ती वरच्या कार्यालयातून आली होती. दिलेला शब्द मोडला, असं लोकांना वाटलं यात नवल काय? 28 तारखेला शहर पेटलं. लहान लहान तुकड्यांत विखुरलेले आपले जवान घेरले गेले, अनेक मारले गेले. सुकार्नोंनी स्वतः येऊन युद्धबंदी घडवली, पण 30 तारखेला मॅलबीच ठार झाले.

मग 10 नोव्हेंबरला पाचव्या भारतीय डिव्हिजनने हल्ला चढवला. सोबत रणगाडे, विमानं आणि युद्धनौकांच्या तोफा. तिकडे बुंग तोमो रेडिओवरून लोकांना लढायला हाक देत होते. शहर पडायला सुमारे तीन आठवडे लागले. हजारो इंडोनेशियन मेले.

आता जरा तारखा पाहा. त्याच नोव्हेंबरात दिल्लीच्या लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेवर खटला सुरू होता. नेहरू जाहीरपणे विचारत होते, दुसऱ्यांचं स्वातंत्र्य चिरडायला आमचे सैनिक का? साम्राज्य असंच चालतं, मित्रांनो. एका गुलामाच्या हातून दुसऱ्याला बांधायचं. त्या जवानांच्या शौर्यात खोट नव्हती. पण हुकूम त्यांचा नव्हता आणि युद्धही त्यांचं नव्हतं.

इंडोनेशियन ही लढाई हरले. तरी जगाला कळलं की हे लोक डचांना पुन्हा मान्य करणार नाहीत. डिसेंबर 1949 मध्ये डचांना सत्ता सोडावी लागली. 10 नोव्हेंबर तिथे आजही ‘वीर दिन’ आहे.

आणि शेवटची एक गोष्ट. 1946 मध्ये भारतात अन्नटंचाई होती, तेव्हा इंडोनेशियाचे पंतप्रधान शहरीर यांनी आपल्याला पाच लाख टन तांदूळ देऊ केला. सुराबायाला तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. हुकूम कोणाचा होता, हे त्यांनी ओळखलं होतं.