लहरींची निवड

१९२७ सालीं पुण्याजवळील खडकी येथून विलायतेस बिनतारी संदेश जाऊं लागले व तिकडून येणारे दौंड येथें घेतले जाऊं लागले. त्या मार्गावर दिवसा एक लहर आणि रात्रीं तिच्याहून लांब अशी दुसरी लहर योजावी लागे. असें कां, या प्रश्नांतच लघुलहरींच्या शास्त्राचें मर्म आहे.

सेकंदास ३० लक्ष ते ३ कोटी कंपनें असलेल्या या लहरी आकाशांतील विद्युद्भारित थरांवरून परत फिरतात. असा थर खरोखरच आहे, हें ॲपलटन यांनीं १९२४ सालीं प्रयोगानें दाखविलें. सूर्यप्रकाशानें थर पुष्ट होतो, रात्रीं विरळ होतो. लहर फार आंखूड असली तर ती थर भेदून अवकाशांत नाहींशी होते. फार लांब असली तर दिवसा खालच्या थरांत शोषली जाते. हा झरोका तासातासाला सरकतो. तो चुकला तर बुडत्या जहाजाची हांकही, यंत्र कितीही जबर असो, किनाऱ्यास पोंचत नाहीं.

निवडीचा पहिला मार्ग खडकीचाच, म्हणजे घड्याळाचा. दुसरा भाकिताचा. महायुद्धांत, १९४२ सालीं, अमेरिकेंत यासाठीं स्वतंत्र प्रयोगशाळा निघाली. परत फिरूं शकणाऱ्या कंपनसंख्येची महिन्याची मध्यम कमाल मर्यादा काढून तिच्या सुमारें ८५ टक्क्यांवर काम करावें, म्हणजे दहांपैकीं नऊ दिवस निभावते, असा प्रघात पडला. परंतु कोष्टकास महिना कळतो, आजचा दिवस कळत नाहीं. सूर्यावर एक स्फोट झाला कीं कांहीं मिनिटांत पृथ्वीच्या उजेडाकडील अर्ध्या भागांतील लघुलहरी मूक होतात.

म्हणून तिसरा मार्ग निघाला, प्रत्यक्ष चांचणीचा. १९८८ च्या अमेरिकन लष्करी मानकाप्रमाणें प्रत्येक केंद्र ठराविक लहरी आळीपाळीनें ऐकतें, मधून मधून आपलें नांव पुकारतें, आणि दुसऱ्यांचा आवाज कोणत्या लहरीवर कसा आला याची नोंद ठेवतें. हांक मारतांना नोंदींतील उत्तम लहर प्रथम घेतली जाते. परंतु पलीकडचा श्रोता त्या क्षणीं कोठें कान देऊन आहे हें ठाऊक नसल्यामुळें हांक त्याच्या पूर्ण फेरीइतकी लांबवावी लागते. शिवाय पुकारण्यांनीं आकाश गजबजतें व नोंदी लवकर शिळ्या होतात.

१९९९ च्या सुधारणेनें सर्वांचीं घड्याळें जुळविलीं. आतां श्रोता कोठें आहे याचा हिशेब आधींच करतां येतो व हांक थोडक्यांत आटोपते. मात्र ज्याचें घड्याळ बिघडलें त्यास प्रथम वेळ शोधावी लागते, मग माणूस.

तेव्हां यांत सर्वश्रेष्ठ कोणता? आमच्या मतें एकही नव्हे. केवळ सरासरीवर विसंबणारास आजचा दिवस फसवितो, आणि आकाशास सतत विचारीत राहणारा तें आकाशच अडवून बसतो. भाकितानें क्षेत्र आंखावें, चांचणीनें त्यांतील लहर ठरवावी, आणि विचारावें तें कामापुरतेंच. शहाणपण या मेळांत आहे.